कोहाची नवी आवृत्ती: नव्या सोयी सुरू कशा करायच्या

ग्रंथालयाचा कारभार कोहा या मुक्त सॉफ्टवेअरवर नुकताच आणलेल्या अनेकांना पहिल्या अपग्रेडनंतर एकच प्रश्न पडतो: नवीन काही दिसत का नाही? आवृत्तीचा क्रमांक बदललेला असतो, पण ज्या सोयीबद्दल एवढं वाचलं होतं तिचं बटण कुठेच सापडत नाही. यात बिघाड काही नाही. कोहातल्या बहुतेक मोठ्या सोयी बंद अवस्थेत येतात, आणि ते मुद्दाम केलेलं असतं. चालू देवघेवीत एखादा नवा नियम आपोआप लागू झाला, तर काउंटरवरच्या माणसाला वाचकांच्या प्रश्नांना तोंड देणं अशक्य होईल.

रोजचं इश्यू-रिटर्न जमतं, पण नवी आवृत्ती आली की सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, अशा ग्रंथपालांसाठी हा लेख आहे. सर्व्हर दुसरं कोणी सांभाळत असलं तरी हरकत नाही. यातला बराचसा भाग ग्रंथपालानेच करायचा आहे. कोणती सोय आपल्या वाचकांना हवी आणि कोणती नको, हे संगणकवाल्याने ठरवू नये असं माझं ठाम मत आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगतो, कारण पुढच्या निर्णयांना ती उपयोगी पडते. कोहा तयार झालं न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टसाठी. त्यांची जुनी प्रणाली २००० सालच्या तारखा पेलणार नव्हती, म्हणून काटिपो कम्युनिकेशन्स या कंपनीकडून त्यांनी नवी करून घेतली आणि ती मुक्त परवान्याखाली सगळ्यांना खुली केली. जानेवारी २००० मध्ये ती वापरात आली. आजही कोहा वाढतं ते तसंच. एखाद्या ग्रंथालयाला काहीतरी हवं असतं, ते स्वतः लिहितं किंवा कोणाकडून लिहून घेतं, आणि मग ते सगळ्यांच्या हाती येतं. म्हणून प्रत्येक नव्या सोयीमागे कोणाची तरी खरी गरज असते. ती गरज तुमचीही आहे का, एवढंच आधी तपासायचं.

एव्हरग्रीन आणि फोलिओ ही याच क्षेत्रातली दोन मोठी मुक्त सॉफ्टवेअर. त्यांचे पडदे वेगळे, पण खाली सांगितलेली कामाची रीत तिथेही चालते. उदाहरणं मात्र कोहाचीच घेतो.

पायरी १: आपण कुठे आहोत

कर्मचाऱ्यांच्या बाजूला ‘अबाउट कोहा’ हे पान उघडा. पहिल्या टॅबवर पूर्ण आवृत्ती दिसते, उदाहरणार्थ २२.११.०५. पहिला आकडा वर्षाचा, दुसरा महिन्याचा. म्हणजे २२.११ ही २०२२ सालच्या नोव्हेंबरची आवृत्ती. नव्या सोयी घेऊन येणारी मोठी आवृत्ती मे आणि नोव्हेंबर अशी वर्षातून दोनदा येते. तिसरा आकडा मधल्या काळात साधारण दरमहा येणाऱ्या दुरुस्त्यांचा असतो.

हा फरक लक्षात ठेवा. तिसरा आकडा बदलणारं अपग्रेड सुरक्षिततेसाठी आणि दुरुस्त्यांसाठी असतं. ते लांबवू नये. पहिले दोन आकडे बदलणारं अपग्रेड मात्र तयारीनिशी करायचं. दर सहा महिन्यांनी उडी मारलीच पाहिजे असं मुळीच नाही. निघालेल्या प्रत्येक आवृत्तीला काही काळच दुरुस्त्या मिळतात, त्यामुळे आपली आवृत्ती अजून सांभाळली जाते आहे ना, एवढं पाहत राहायचं. २२.११ सारख्या काही आवृत्त्या दीर्घकाळ सांभाळण्यासाठी निवडल्या गेल्या. मनुष्यबळ कमी असेल तर अशा आवृत्तीवर राहणं शहाणपणाचं.

त्याच पानावर ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ नावाचा टॅब आहे. तिथे पिवळ्या चौकटीत काही इशारे दिसत असतील, तर नव्या सोयींच्या मागे लागण्याआधी ते मिटवा. चुकीची किंवा अर्धवट मांडणी तिथे स्पष्ट शब्दांत सांगितलेली असते, आणि हे पान फार थोडे लोक उघडून पाहतात.

पायरी २: प्रकाशन टिपा नेमक्या कुठून वाचायच्या

प्रत्येक आवृत्तीसोबत प्रकाशन टिपा येतात. मोठ्या आवृत्तीच्या टिपा इतक्या लांब असतात की नवखा माणूस पहिल्या दोन पानांत दमतो. पहिल्या ओळीपासून वाचू नका. आधी ‘न्यू फीचर्स’चा भाग वाचा, तो आटोपशीर असतो. मग थेट ‘न्यू सिस्टिम प्रेफरन्सेस’च्या यादीवर जा. सिस्टिम प्रेफरन्स म्हणजे कोहाचं वागणं ठरवणारी सेटिंग. एखाद्या सोयीसाठी नवं सिस्टिम प्रेफरन्स आलं असेल तर ती सोय चालू-बंद करणं तुमच्या हातात आहे. तसं काही नसेल तर तो बदल अपग्रेडबरोबर सगळ्यांच्या पडद्यावर येणार आहे, आणि त्याची कल्पना कर्मचाऱ्यांना आधी द्यायला हवी.

दुसऱ्या प्रकारचं ठळक उदाहरण २२.११चं. त्या आवृत्तीत कर्मचाऱ्यांच्या बाजूचं सगळं रूप बदललं. रंग, मांडणी, बटणांच्या जागा, सगळंच. ते बंद करायची सोय नव्हती. रोज एकाच जागी क्लिक करायची सवय झालेल्या हाताला असा बदल जड जातो.

वाचताना एक कागद जवळ ठेवा. ‘आत्ता हवं’, ‘पुढे पाहू’ आणि ‘आपल्याला नको’ असे तीन भाग करा. पहिल्या भागात दोन-तीनपेक्षा जास्त नोंदी आल्या तर पुन्हा छाटा. एका वेळी एकच सोय सुरू केली, तर काही बिनसल्यावर कारण लगेच सापडतं. पाच सुरू केल्या तर आठवडा शोधण्यात जातो.

पायरी ३: चाचणीची जागा

नवी सोय चालू कोहावर कधीही पहिल्यांदा सुरू करू नका. एखाद्या जुन्या संगणकावर किंवा आभासी यंत्रात डेबियन वा उबुंटू ही लिनक्स प्रणाली घालून त्यावर कोहाची वेगळी प्रत उभी करता येते. सर्व्हर पाहणाऱ्या माणसाला ‘कोहा-डंप’ आणि ‘कोहा-रिस्टोअर’ या दोन आज्ञा ठाऊक असतील. पहिलीने चालू कोहाचा बॅकअप निघतो, दुसरीने तो चाचणीच्या यंत्रावर चढतो. आपलीच पुस्तकं, आपलेच नियम समोर असले की खरी अडचण दिसते. नमुन्याच्या दहा पुस्तकांवर सगळंच छान चालतं.

इथे एक धोका आहे आणि तो गंभीर आहे. खऱ्या सभासदांची माहिती चाचणीच्या यंत्रावर आली की त्यांचे ईमेल पत्तेही येतात. ते यंत्र ईमेल पाठवू शकत असेल, तर ‘तुमचं पुस्तक परत करण्याची मुदत संपली’ अशी पत्रं चाचणीतून खऱ्या वाचकांना जातील. म्हणून रिस्टोअर झाल्या झाल्या, दुसरं काहीही करण्याआधी, त्या प्रतीची ईमेल सेवा बंद आहे याची खात्री करा. शक्य असेल तर सभासदांचे पत्ते आणि फोन क्रमांक पुसून टाका. वाचकांनी तो तपशील आपल्यावर विश्वास ठेवून दिलेला असतो. प्रयोगाच्या यंत्रावर त्याचं काम नाही.

पायरी ४: सोय सुरू होते चार ठिकाणी

माझ्या मते हा या लेखाचा गाभा आहे. प्रेफरन्स ‘चालू’ केलं की काम झालं, असं नवख्यांना वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक सोयींना चार जागी तयारी लागते: सिस्टिम प्रेफरन्स, कर्मचाऱ्यांची परवानगी, देवघेवीचे नियम आणि वाचकांना जाणाऱ्या सूचना. यांपैकी एक जरी राहिली तरी सोय अर्धवट चालते, आणि ते पूर्ण बंद असण्यापेक्षा वाईट.

प्रेफरन्स प्रशासन विभागात असतं. तिथल्या शोधपेटीत सोयीच्या नावातला एक शब्द टाकला की संबंधित सगळी प्रेफरन्स समोर येतात. कोणतं बदललं, आधी काय होतं, हे लिहून ठेवा.

परवानगी प्रत्येक कर्मचाऱ्याच्या खात्यावर द्यावी लागते. ज्याच्याकडे सुपरलायब्रेरियनचे अधिकार आहेत त्याला सगळंच दिसतं, आणि गोंधळ इथेच होतो. ग्रंथपाल आपल्या खात्यावरून सोय सुरू करतो, त्याला बटण दिसतं, तो निर्धास्त होतो. काउंटरवरच्या सहकाऱ्याला मात्र काहीच दिसत नाही. चाचणी नेहमी साध्या कर्मचाऱ्याच्या खात्यावरून करा, आणि मग एकदा वाचकाच्या खात्यावरून ओपॅकवर, म्हणजे वाचकांसाठीच्या ऑनलाइन तालिकेवर.

देवघेवीचे नियम म्हणजे तो मोठा तक्ता: कोणत्या प्रकारच्या सभासदाला कोणत्या प्रकारचं साहित्य किती दिवस. नव्या सोयींचे रकाने याच तक्त्यात उजवीकडे वाढत जातात. रकाना रिकामा असेल तर सोय चालू असूनही काही घडत नाही.

सूचना ‘नोटिसेस अँड स्लिप्स’ या साधनात असतात. नव्या सोयीबरोबर तिच्या सूचनेचा नमुना येतो, पण तो सहसा इंग्रजीत. तसाच सोडू नका. ‘ट्रान्सलेट नोटिसेस’ हे प्रेफरन्स चालू केलं की एकाच सूचनेचे वेगवेगळ्या भाषांतले मजकूर ठेवता येतात आणि सभासदाला आपली भाषा निवडता येते. एसएमएस पाठवत असाल तर आणखी एक गोष्ट. रोमन अक्षरांत एका संदेशात १६० अक्षरं मावतात, देवनागरीत फक्त ७०. मराठी सूचना नेमकी आणि छोटी लिहावी लागते. त्यात पुस्तकाचं नाव, तारीख आणि काय करायचं एवढंच असावं.

काही सोयींना पाचवी गोष्टही लागते: सर्व्हरवर ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम, म्हणजे क्रॉन. ते तुमच्या हातात नसेल, तर सर्व्हर पाहणाऱ्याला थेट विचारा की या सोयीसाठी रोज चालवायचं काही आहे का.

पहिला सराव: ‘मी पुस्तक परत केलंय’

सुरुवात छोट्या सोयीपासून करा. माझी शिफारस ‘क्लेम्स रिटर्न्ड’. ती १९.११पासून आहे, त्यामुळे अगदी नवी नाही, पण असंख्य ग्रंथालयांत ती बंदच पडून असते. वाचक म्हणतो पुस्तक परत केलं, कोहा म्हणतं त्याच्याकडेच आहे. हा वाद प्रत्येक काउंटरवर होतो आणि बहुतेकदा चिठ्ठीवर लिहून मिटवला जातो. चिठ्ठी हरवते.

आधी हरवलेल्या साहित्याच्या स्थितींच्या यादीत, म्हणजे ‘लॉस्ट’ या अधिकृत मूल्यांच्या (निवडायच्या ठरावीक पर्यायांच्या) गटात, ‘परत केल्याचा दावा’ असं नवं मूल्य तयार करा. मग ‘क्लेम रिटर्न्ड लॉस्ट व्हॅल्यू’ या प्रेफरन्समध्ये त्या मूल्याचा क्रमांक भरा. हे प्रेफरन्स रिकामं असेपर्यंत दाव्याचं बटण येत नाही. भरलं की सभासदाच्या इश्यू केलेल्या पुस्तकांच्या यादीत प्रत्येक ओळीसमोर ते दिसू लागतं. दावा नोंदवताना पुस्तकाची किंमत आकारायची का, हे वेगळ्या प्रेफरन्समध्ये ठरतं. दावा शेवटी कसा मिटला, म्हणजे ‘कपाटात सापडलं’ की ‘वाचकाने आणून दिलं’, याची मूल्यं तुम्ही स्वतः ठरवायची. ती आधीच मराठीत लिहून ठेवा. कोणाचे किती दावे झाले तेही त्याच्या खात्यावर दिसतं, त्यामुळे प्रामाणिक वाचकावर विनाकारण संशय घेतला जात नाही.

दुसरा सराव: रिकॉल

२२.०५मध्ये रिकॉल आलं. आरक्षण आणि रिकॉल यांत नवख्यांची गल्लत होते. आरक्षणात वाचक रांगेत उभा राहतो. पुस्तक ज्याच्याकडे आहे त्याची मुदत पुरी होईपर्यंत थांबतो. रिकॉलमध्ये ज्याच्याकडे पुस्तक आहे त्याची मुदतच अलीकडे येते आणि त्याला पुस्तक लवकर परत करण्याची सूचना जाते. संशोधकांना महिनोन्महिने पुस्तकं देणाऱ्या ग्रंथालयात हे फार मोलाचं आहे. जिथे मुदत मुळातच आठवड्याची असते तिथे याची गरज नाही, तिथे आरक्षण पुरतं.

‘यूज रिकॉल्स’ हे प्रेफरन्स चालू करा. मग नियमांच्या तक्त्यात जा: एका सभासदाला एकूण किती रिकॉल, एका नोंदीवर किती, रिकॉल झाल्यावर परत करायला किती दिवस, उशीर झाला तर दंड किती, आणि आलेलं पुस्तक रिकॉल करणाऱ्यासाठी किती दिवस राखून ठेवायचं. यांतला ‘परत करायला किती दिवस’ हा आकडा सगळ्यात नाजूक आहे. तो फार कमी ठेवला तर ज्याच्याकडे पुस्तक आहे त्याच्यावर अन्याय होतो. कोणी सुट्टीवर गेलेलं असतं, कोणी सूचना तीन दिवसांनी वाचतं. मी तरी एक आठवड्यापेक्षा कमी ठेवणार नाही.

नंतर परवानगी. रिकॉल सांभाळण्याचा अधिकार काउंटरवरच्यांना द्या. मग दोन सूचना लिहा: एक ज्याच्याकडून पुस्तक मागवलं त्याला, दुसरी ज्याने मागवलं त्याला. पहिल्या सूचनेची भाषा मृदू असू द्या. त्या माणसाने काहीही चुकीचं केलेलं नाही, त्याची मुदत आपण कमी करतो आहोत. आणि क्रॉन: मुदत उलटलेले आणि कोणी न नेलेले रिकॉल रोज तपासणारी दोन कामं सर्व्हरवर लावावी लागतात.

चाचणी अशी करा. वाचक ‘अ’च्या नावावर दोन महिन्यांच्या मुदतीने पुस्तक इश्यू करा. वाचक ‘ब’ म्हणून ओपॅकवर जाऊन ते रिकॉल करा. ‘अ’ची मुदत बदलली का, त्याची सूचना त्याच्या खात्यातल्या सूचनांच्या टॅबवर तयार झाली का, हे पाहा. मग पुस्तक परत घ्या. पडद्यावर ‘ब’साठी ठेवण्याचा प्रश्न आला पाहिजे. हेच उद्या मुदत संपणाऱ्या पुस्तकावर करून बघा, आणि पुन्हा एकदा ‘अ’ रिन्यू करायला गेला तर काय होतं ते बघा. काउंटरवर वाचक नेमके हेच प्रश्न विचारतात.

बुकिंग

२४.०५मध्ये आलेलं बुकिंग आरक्षण आणि रिकॉल या दोन्हींपेक्षा वेगळं आहे. इथे वाचक सांगतो की मला ही वस्तू अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत हवी. प्रोजेक्टर, कॅमेरा, अभ्यासिकेची किल्ली, प्रदर्शनासाठीचा नकाशांचा संच अशा गोष्टींसाठी ग्रंथालयं वही ठेवत आली आहेत. ती वही आता कोहात आली.

प्रतीच्या तपशिलात ती ‘बुकेबल’ आहे असं आधी नोंदवावं लागतं. तोवर नोंदीच्या पानावर बुकिंगचं बटण येत नाही. बुकिंग सांभाळण्याची परवानगी वेगळी आहे. ज्या वस्तूला दोन वाचकांच्या मध्ये तपासणी लागते, उदाहरणार्थ कॅमेऱ्याची बॅटरी भरणं, तिच्यासाठी आधीचे आणि नंतरचे मोकळे दिवस नियमांत ठेवता येतात. तेवढे दिवस जरूर ठेवा. बुकिंग असलेली वस्तू दुसऱ्याला इश्यू करायला गेलात तर कोहा अडवतं का आणि कोणत्या शब्दांत, हे कर्मचाऱ्यांना चाचणीतच दाखवा.

वाचकाने दाखवलेली चूक

२२.११मधली ‘कॅटलॉग कन्सर्न्स’ ही सोय मला मनापासून आवडते. लेखकाचं नाव चुकलंय, वर्ष चुकलंय, दुसऱ्याच पुस्तकाचं मुखपृष्ठ दिसतंय, हे सगळ्यात आधी वाचकाच्या लक्षात येतं. पूर्वी त्याला ते सांगायला जागा नव्हती. आता नोंदीच्या पानावर एक बटण येतं, लॉगिन केलेला वाचक चूक लिहितो, आणि ती तालिकीकरण (पुस्तकांच्या नोंदी तयार) करणाऱ्याच्या यादीत जमा होते. मिटली की वाचकाला उत्तर जातं.

कर्मचाऱ्यांसाठी एक आणि ओपॅकसाठी एक अशी दोन वेगळी प्रेफरन्स आहेत. आधी फक्त कर्मचाऱ्यांसाठी सुरू करा. महिनाभर तेच चुका कळवतील, यादी रोज उघडायची सवय लागेल. मग वाचकांसाठी उघडा. उलट क्रमाने केलं आणि तक्रारी अनुत्तरित राहिल्या, तर वाचक पुन्हा कळवणार नाही. चुका कोणत्या पत्त्यावर पाठवायच्या ते ‘कॅटलॉगर ईमेल्स’ या प्रेफरन्समध्ये भरायला विसरू नका.

कर्मचाऱ्यांच्या खात्याला दुसरं कुलूप

कोहात सभासदांचे पत्ते, फोन, वाचनाचा इतिहास असतो. कर्मचाऱ्याचा एक पासवर्ड फुटला की ते सगळं उघडं पडतं. २२.०५पासून कोहात दुहेरी पडताळणी आहे: पासवर्डनंतर मोबाइलवरच्या अॅपमधला, दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी अंकही द्यावा लागतो. सर्व्हरच्या मांडणीच्या फायलीत एक सांकेतिक किल्ली असावी लागते, ती नसेल तर ही सोय चालत नाही. हे काम सर्व्हर पाहणाऱ्याचं. प्रेफरन्स चालू झालं की प्रत्येकाने आपल्या खात्यातून क्यूआर कोड स्कॅन करून ती लावायची.

सर्व्हरचं घड्याळ बरोबर असलं पाहिजे, नाहीतर अंक कधीच जुळणार नाहीत. आणि सक्ती करण्याआधी सुपरलायब्रेरियन अधिकाराची किमान दोन खाती दोन वेगळ्या माणसांकडे आहेत ना, ते पाहा. एकाचा मोबाइल हरवला तरी दुसरा आत जाऊ शकला पाहिजे.

मोठे विभाग

इलेक्ट्रॉनिक साहित्य सांभाळणारा ईआरएम विभाग २२.११मध्ये आला: करार, परवाने, पॅकेज आणि त्यातली शीर्षकं. सशुल्क ई-नियतकालिकं घेणाऱ्यांनी तो सावकाश अभ्यासावा; ज्यांच्याकडे अशी वर्गणी नाही त्यांनी प्रेफरन्स बंदच ठेवावं. २३.११मधला जतन विभाग बांधणी, दुरुस्ती किंवा रासायनिक प्रक्रियेसाठी पाठवलेल्या प्रतींचा माग ठेवतो. दुर्मीळ साहित्याच्या ग्रंथालयाला तो वरदान आहे, इतरांना त्याची गरज क्वचितच लागते.

मराठी शोध: नव्या सोयींइतकाच महत्त्वाचा

सगळं सुरू केलं आणि ओपॅकवर मराठी शब्द टाकल्यावर पुस्तक सापडलं नाही, तर काय उपयोग? कोहाचं जुनं शोधयंत्र झेब्रा. त्याची मूळ मांडणी रोमन लिपीच्या हिशेबाने केलेली असते, त्यामुळे देवनागरी शब्द नीट तोडले जात नाहीत. सर्व्हरवर आयसीयू, म्हणजे वेगवेगळ्या लिप्यांतले शब्द ओळखणाऱ्या, पद्धतीची अनुक्रमणी (शोधासाठीची सूची) निवडून सगळ्या नोंदी पुन्हा अनुक्रमित कराव्या लागतात. त्यासोबत आयसीयूशी संबंधित प्रेफरन्सही बदलायचं. आयसीयूबरोबर ‘फझी’ शोध, म्हणजे मिळत्याजुळत्या शब्दांचाही शोध, चालत नाही, हे गृहीत धरा. दुसरा पर्याय इलास्टिकसर्च. त्यालाही आयसीयूचं जोडसाधन घालावं लागतं, आणि सर्व्हरला मेमरी जास्त लागते.

यंत्र कोणतंही असो, काही अडचणी नोंदींतच असतात. ‘किनाऱ्यावर’मधला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टंकला जातो: काही कळफलक नुक्त्याचा ‘ऱ’ वापरतात, काही साधा ‘र’ आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. तालिकीकरण करणाऱ्या सगळ्यांनी एकच कळफलक वापरायचं ठरवा. ‘संत’ आणि ‘सन्त’ अशा लेखनभेदांसाठी मार्कच्या (ग्रंथनोंदीच्या प्रमाणित मांडणीच्या) २४६ क्षेत्रात पर्यायी शीर्षक भरा. रोमन लिपीतलं रूपही हवं असेल तर ८८० क्षेत्र त्यासाठीच आहे. काम कंटाळवाणं आहे, पण वाचकाला पुस्तक मिळतं ते यामुळेच.

पायरी ५: प्रत्यक्ष अपग्रेड

डेबियनवर कोहा घालताना पॅकेज कुठून घ्यायची ते एका ओळीत लिहिलेलं असतं. तिथे ‘स्टेबल’ असा शब्द असेल, तर नवी मोठी आवृत्ती निघाल्यावर नेहमीच्या अपडेटमध्ये कोहा न सांगता तिच्यावर जाऊ शकतं. त्याऐवजी आवृत्तीचा क्रमांकच लिहून ठेवायला सांगा. मोठी उडी कधी मारायची ते मग तुम्ही ठरवाल.

अपग्रेडमध्ये डेटाबेसची रचना बदलते आणि ती मागे फिरवता येत नाही. परतीचा एकच मार्ग, तो म्हणजे बॅकअप. अपग्रेडच्या आधी काढलेला, दुसऱ्या यंत्रावर कॉपी केलेला, आणि एकदा तरी चाचणीच्या प्रतीवर चढवून पाहिलेला. मधल्या आवृत्त्या एकेक करत जावं लागत नाही. डेटाबेसमधले सगळे बदल क्रमाने आपोआप होतात. मोठ्या संग्रहात त्याला वेळ लागतो, म्हणून ग्रंथालय बंद असतानाच करा.

नंतर लगेच नव्या सोयींकडे वळू नका. आधी जुनं सगळं चालतंय ना ते पाहा: इश्यू, रिटर्न, रिन्यू, आरक्षण, दंड भरणं, पावतीची छपाई, मराठी शोध. स्वयं-देवघेव यंत्र असेल तर तेही. पडद्याचं रूप बदलण्यासाठी कोणी जावास्क्रिप्ट किंवा सीएसएसचे तुकडे घातले असतील, तर नव्या मांडणीत ते बिघडलेले असू शकतात. असे तुकडे तात्पुरते काढून बघा. जतन केलेले एसक्यूएल अहवालही चालवून पाहा. तक्ते बदलतात तसे जुने अहवाल अडतात. मार्क नोंदी १७.०५मध्ये वेगळ्या तक्त्यात गेल्या, तेव्हा कितीतरी जुने अहवाल नव्याने लिहावे लागले. एवढं झाल्यावर, दोन-चार दिवस शांत गेल्यावर, चाचणीत पक्की केलेली एकच सोय चालू करा. काउंटरवर तिची एका पानाची टिपण ठेवा: बटण कुठे, कधी दाबायचं, वाचकाने विचारलं तर काय सांगायचं.

अडलं तर

सोय सांगितल्याप्रमाणे वागत नसेल तर आधी वरच्या चार जागा पुन्हा तपासा. तरीही चूक दिसली तर कोहाच्या बगझिलावर, म्हणजे चुका नोंदवण्याच्या संकेतस्थळावर, ती आधीच नोंदलेली आहे का ते शोधा. प्रत्येक दुरुस्ती तिथे उघडपणे पुढे सरकते: कोणीतरी ती लिहितं, दुसरं कोणी वापरून पाहून तिला संमती देतं, मग दर्जा तपासणारे बघतात, आणि शेवटी ती मूळ कोहात जाते. संमती देणाऱ्याला प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही. देवघेव कशी चालते हे जाणणारा ग्रंथपाल तिथे हवाच असतो. मराठी अनुवादाचंही तसंच: नव्या सोयींची वाक्यं इंग्रजीतच राहतात ती कोणी अनुवाद केला नाही म्हणून, आणि तो वेबलेट या अनुवादाच्या संकेतस्थळावर खातं उघडून ब्राउझरमधूनच करता येतो. ‘होल्ड’ला काय म्हणायचं हे काउंटरवर बसणाऱ्याला जेवढं कळतं तेवढं दुसऱ्याला कळत नाही.

बग नोंदवताना आवृत्तीचा पूर्ण क्रमांक, शोधयंत्र कोणतं, चूक पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या क्रमाने, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, एवढं लिहा. पडद्याचं चित्र जोडत असाल तर सभासदाचं नाव, क्रमांक आणि फोटो आधी झाका. तिथे टाकलेलं सगळं कोणालाही दिसतं.